नेफिझेकाकूच्या नावावरचे फोटो

येलोवो, रविवार, २३ जून, दुपार

प्रिय आनिफे,

परवा तुझा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो हातात धरून नुसती बसून राहिले. रागावू नकोस. फोनवर तू लगेच हसायला लागतेस, मागे त्या वृद्धाश्रमातल्या ढकलगाड्यांचा खडखडाट असतो, कुणीतरी तुला जर्मनमध्ये हाक मारतं, आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. गेल्या तीन महिन्यांत असं पाच-सहा वेळा झालं. म्हणून लिहितेय. हे पाकीट गुरुवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देईन. शनिवारी तो तुमच्या गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर पार्सलं वाटतो, तिथून घे. एकटी असशील तेव्हा उघड आणि मधेच सोडू नकोस.

आधी माझं सांगते, कारण तू दर वेळी विचारतेस आणि मी 'बरं चाललंय' म्हणून टाळते. थकलेय गं. आठवड्याचे पाच दिवस, रोज एक गाव, कधी दोन. तपासणीची गाडी चालवायला स्तामेनभाऊ असतात. ते पलीकडच्या दरीतले, पंचावन्नचे, आणि घाटात वळणावळणावर देवाचं नाव आणि शिवी एकाच दमात घेतात. सकाळी आठला गावच्या चौकात गाडी लावायची, वायर ओढून ग्रामपंचायतीच्या खिडकीतून वीज घ्यायची, जेलची बाटली गरम पाण्यात ठेवायची, अरुंद पलंगावर कागद अंथरायचा. मग वीस माणसं. उजव्या हातात सोनोग्राफीचा प्रोब, डावा हात बटणांवर, मान पडद्याकडे वळलेली. दुपारनंतर खांदा असा धरतो की केस बांधायला हात वर जात नाही. आणि सगळी म्हातारी माणसं, आनिफे. तरुण म्हणून कुणी उरलंच नाही, तुम्ही सगळे तिकडे. त्यांना आजारापेक्षा गप्पांचीच भूक जास्त. परवा एका आजोबांनी पोट उघडं टाकून विचारलं, "काय मग पोरी, मुलगा की मुलगी?" मागून त्यांची बायको, "मुलगी असेल तर बरं, निदान शेवटी पाणी तरी पाजेल!" आणखी एक आजी छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "नीट बघ हां, आमचा म्हातारा अजून आत बसलाय का. तसा तो फुकटच राहायचा." मी हसते. गाडीत परत बसले की मात्र तोंड उघडावंसं वाटत नाही. स्तामेनभाऊंना ते कळतं, ते रेडिओ बंद करतात.

गाडीवर डॉक्टर नसतो, हे तुला माहीत आहे. या डोंगरात यायला कुणी तयार होत नाही, म्हणून तर ही दोन वर्षांची योजना निघाली. मी फोटो काढायचे, शहरात डॉक्टर राल्चेवा ते पाहून रिपोर्ट लिहितात, रिपोर्ट त्या माणसाच्या गावच्या डॉक्टरकडे जातो. मला काय दिसलं ते मी सांगायचं नाही, हा पहिला नियम. "डॉक्टर सांगतील" हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते. त्या वाक्याचा मला जेवढा कंटाळा आलाय तेवढा घाटाचाही नाही.

तुला आठवतं, कॉलेजात जाताना मी केवढी भाषणं ठोकायची? आजार ज्याचा, बातमी आधी त्याची. तू चिडवायचीस, "आली आमची आरोग्यमंत्री." पण ते माझ्या डोक्यात आमच्या आजोबांमुळे बसलं होतं. शेवटच्या वर्षी सगळ्या घराला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, किराणावाल्याला माहीत होतं. फक्त आजोबांनाच माहीत नव्हतं. मी पहिल्या वर्षाला होते. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "सालिहे, तू हेच शिकतेस ना? मग सांग, काय झालंय मला?" मी म्हटलं, "गॅस आहे आजोबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मी ठरवलं की आपण हे असं कधीच करायचं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी तो कागद काच बसवून टीव्हीच्या वर लावलाय, आई अजून गावभर 'आमची डॉक्टरीण' म्हणत फिरते. मला वाटायचं, एवढं शिकून आले तर निदान या एका गोष्टीत आपलं गाव बदलेन.

मार्चमध्ये गाडी येलोवोला आली. आपल्या गावात मी पहिल्यांदाच अशी आले, पांढरा कोट घालून. अर्धं गाव तपासायला आणि अर्धं मला बघायला जमलं होतं. यादीत नेफिझेकाकूचं नाव होतं. हाक मारली तर आत आली तुझी आई, हातात नेफिझेकाकूचं ओळखपत्र. दारात मागे काकू स्वतः उभी, डोळे मिचकावत. "माझं पोट अगदी छान आहे गं," ती कुजबुजली, "माझा नंबर उगाच वाया जाईल. आसिबेच्या कुशीत हिवाळाभर जड-जड वाटतंय. आम्ही दोघी जावा, एकाच चुलीवरच्या. बदलून घे." तुझ्या आईचा विमा किती वर्षं तुटलेला आहे ते तुला माहीतच आहे. आयुष्यभर तंबाखू लावली, पण कुठल्याही कागदावर ती कामाला नव्हती. विमा नाही म्हणून यादीत नाव नाही. मला नियम माहीत होता. ओळखपत्रावरचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, "झोपा मावशी." मला तेव्हा त्यात काही चूकच वाटली नाही, उलट फार बरं वाटलं. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्यासाठीच तर मी हे शिकले, असं काहीतरी मनात आलं.

मावशी पलंगावर पडल्या पडल्या घेवड्याच्या बियांबद्दल बोलत होती. या वर्षी लवकर पेरायच्या की थांबायचं. उजवं मूत्रपिंड छान होतं. डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला एक गाठ होती, अक्रोडाएवढी, भरीव. मी दोनदा मोजली. रक्तप्रवाह पाहायचं बटण दाबलं तर तिच्याभोवती रंग उजळले. मावशीनं विचारलं, "काय दिसतंय गं? आनिफेच्या बापासारखा खडा आहे का?" आणि मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील, मावशी." तिनं पोटावरचं जेल पुसलं, मला दोन अंडी दिली आणि गेली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. नाव बदलून लिहायला हवं होतं, स्तामेनभाऊंना सांगायला हवं होतं, काहीही. पण बाहेर अजून नऊ माणसं होती आणि मी मनात सगळं नीट जुळवून टाकलं. रिपोर्ट नेफिझेकाकूच्या नावानं आपल्या दरीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जाईल, ते काकूला बोलावतील, आणि पलंगावर कोण झोपलं होतं हे काकूला पक्कं ठाऊक आहे. ती लगेच मावशीला घेऊन जाईल. मग विम्याचं काहीतरी होईलच. हिशेबात कुठेही खोट दिसत नव्हती. फक्त मी एक गोष्ट विसरले, आणि मी याच गावची असून विसरले, आजोबांची नात असून विसरले. आपल्याकडे डॉक्टर बातमी आजाऱ्याला सांगतच नाहीत.

त्यांनी काकूच्या लेकाला, रुफातला बोलावलं. रुफातनं बायकोला सांगितलं, बायकोनं काकूच्या भावांना, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की नेफिझेकाकूला कळता कामा नये. रक्तदाब तपासायचा म्हणून तिला प्लोव्दिवच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मोठ्या यंत्रात घातलं. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ. असणारच. तिथल्या डॉक्टरांना वाटलं, गाडीतलं जुनं यंत्र, नवीन पोरगी, कसलीतरी सावली दिसली असेल. रुफात रडत बाहेर आला म्हणे. काकूला वाटलं की रक्तदाब उतरला म्हणून पोराला एवढा आनंद झालाय. आणि इकडे दोघी जावांनी ठरवून टाकलं होतं की काही असतं तर बोलावणं आलं असतं, आलं नाही म्हणजे आसिबेचं सगळं ठीक आहे.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी पलीकडच्या दऱ्यांमध्ये फिरत होते. एप्रिलमध्ये तू फोनवर म्हणालीस, "आई ठणठणीत आहे, वाफे करतेय." मला वाटलं, तुझ्यापासून लपवताहेत. म्हणून मीही लपवलं. मेमध्ये मावशी बाजारात भेटली, म्हणाली, "कूस जरा दुखते, पण चालायचंच." मला वाटलं, तिच्यापासून लपवताहेत, उपचार चालू असतील. म्हणून मी तिथेही गप्प राहिले. एक प्रश्न विचारला असता तर सगळं उलगडलं असतं. मोठी भाषणं करणारी मी. आपल्या गावाची रीत मी बदलायला निघाले होते, आणि कुणी न शिकवता ती मी अशी सुरेख पाळली.

दोन रविवारांपूर्वी रुफातनं कुर्बान केलं. आईच्या आरोग्यासाठी मानलेला बकरा, सगळ्या गावाला जेवण. मला आणि स्तामेनभाऊंनाही आग्रहाचं बोलावणं. मशिदीमागच्या माळावर तीन कढया लागल्या होत्या, पुरुष ढवळत होते, बायका वाढत होत्या. मला कुर्बानाचं कारण माहीत नव्हतं. वाटलं, रुफातनं नवी गाडी घेतली असेल. तो मला कढयांच्या मागे घेऊन गेला आणि म्हणाला, "तुला एक सांगू का डॉक्टरीणबाई? तुझ्या त्या डब्यानं आम्हाला तीन आठवडे रडवलं. आईच्या मूत्रपिंडात गाठ म्हणे! प्लोव्दिवला नेलं तर काही नाही. अल्लाची कृपा. तुझ्यावर राग नाही हां, खा पोटभर. पण ते यंत्र भंगारात घाला." स्तामेनभाऊ शेजारीच होते, त्यांना यंत्राचा अपमान सहन होईना. "आमचं यंत्र कधी खोटं बोलत नाही, बाबा. माणसं बोलतात," ते म्हणाले. ते आपले चेष्टेतच म्हणाले होते. मला मात्र तिथेच कळलं: तपासलं ते काकूला, मावशीला कुणी काहीच सांगितलेलं नाही. तेवढ्यात तुझी आई भाताचं पातेलं घेऊन समोर आली. तिनं माझ्या ताटलीत मांसाचा मोठा तुकडा घातला आणि म्हणाली, "खा गं, वाळून गेलीस नुसती. त्या गाडीत तुला कुणी जेवायला घालतं की नाही?" तिनं डावा हात कमरेवर दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटाट्याच्या वाफ्यात तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. कामाचा नियम मोडला, गावाचाही मोडला. तिनं खुरपं खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं, एक सरी पुरी केली, मग म्हणाली, "म्हणजे तो बकरा माझाच होता म्हणायचा." आणि हसली. मला रडू आलं तर मलाच ओरडली, "गप्प. बटाट्यांवर मीठ पाडू नकोस." मग एकेक कारण काढायला लागली. ती दवाखान्यात गेली तर कार्डाचं उघडकीला येईल, नेफिझेला दंड होईल. माझी नोकरी जाईल, "तुझा बाप तो कागद टीव्हीवरून कुठल्या तोंडानं उतरवेल?" आणि आनिफेला कळता कामा नये, ती सगळं टाकून येईल, तिथली जागा हातची जाईल. मला म्हणाली, "शब्द दे." मी दिला नाही. नाही असंही म्हटलं नाही, मान खाली घातली.

मग मी तिची कारणं एकेक करून संपवायला निघाले. शहरात जाऊन योजनेच्या ऑफिसात लेखी दिलं की मार्चचे ते फोटो आसिबे यांचे आहेत, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. स्तामेनभाऊ बाहेर थांबले होते. म्हणाले, "खुळे, चुकून नंबर बदलला असं एका ओळीत लिहायचं. सुटली असतीस." मी म्हटलं, "चुकून झालं असतं तर ते फोटो कुणाचे हे मला आज कसं कळलं असतं?" ते म्हणाले, "तू काही गाडी चालवणार नाहीस ना कधी? तुला वळणच घेता येत नाही." उद्या सोमवारपासून मी कामावर नाही. चौकशी होईल, मग ठरवतील. बाबांना सांगितलं. त्यांनी कागद उतरवला नाही.

नेफिझेकाकूला मीच सांगितलं. तिनं आधी रुफातला झाडूनं झोडपलं. "मी मरणार होते आणि मलाच पत्ता नाही? तीन आठवडे! अरे, कळलं असतं तर तीन आठवडे सुनेला भांडी घासायला लावली असती!" मग ती तशीच तुझ्या आईकडे गेली. दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. बाहेर आली तेव्हा काकूचे डोळे लाल होते. मला म्हणाली, "कार्ड मीच दिलं. न्यायचं तर मला न्या तुरुंगात, तिथे निदान बटाटे तरी खणायला लागणार नाहीत."

तरी मावशी हलत नाही. कारणं संपली तर म्हणते, बटाटे निघू देत, सप्टेंबरात बघू. डॉक्टर राल्चेवांनी जुने फोटो पुन्हा पाहिले. त्या मला खूप बोलल्या, आणि ती बोलणी माझ्याच वाट्याची होती. पण त्यांनी स्वतः फोन करून तारीख मिळवून दिली. त्या म्हणाल्या की गाठ अजून मूत्रपिंडातच असेल तर ऑपरेशननं माणूस वाचतो, वर्षानुवर्षं जगतो. पण मार्च ते जून आधीच गेलेत, सप्टेंबर नको. विमा पुन्हा सुरू करायचे कागद मी भरलेत. त्यावर तिची सही तेवढी हवी. पेन पुढे केलं की तिला शेळीचं दूध काढायचं आठवतं.

म्हणून हे पत्र. तू ये, आनिफे. मंगळवार, ९ जुलै, सकाळी आठ वाजता, प्लोव्दिव. या वेळी तारीख तिच्याच नावावर आहे. ती माझं ऐकत नाही, जावेचं ऐकत नाही. तुझं ऐकेल, कारण तू इतक्या वर्षांत तिच्याकडे कधी काही मागितलेलं नाहीस. मी नेहमी म्हणायचे की आजाऱ्याचा शब्द शेवटचा, आणि आज तिनं सांगितल्याच्या विरुद्ध तुला लिहितेय. हे बरोबर आहे की नाही मला कळत नाही, आणि आता विचार करायची ताकदही नाही. रजा मागताना 'आई आजारी आहे' एवढंच सांग. आधी फोन करू नकोस. फोनवर ती तुला पटवेल, एप्रिलमध्ये 'ठणठणीत आहे' म्हणून पटवलं तसं. माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागाव, पण ते दवाखान्यातून परतल्यावर. त्याआधीच्या रविवारी, ७ जुलैला संध्याकाळी, स्तामेनभाऊ तुला न्यायला बसस्टँडवर येतील, त्यांनी आपणहून सांगितलंय. तू दारात उभी राहिलीस की ती हातातलं काम टाकून आधी ओरडेल, "तुला कुणी सांगितलं?" माझं नाव सांग.

तुझीच,
सालिहे